‘सर्व्हर डाऊन’: रांग नेमकी कुठे अडते?

१/ सप्टेंबर २०१७. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सर्वतोमुखी झाले होते. ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजने’त दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते; मात्र अर्ज ऑनलाइन भरावयाचा होता.

२/ दौंड तालुक्यातील राहू बेट असो वा विदर्भातील एखादे गाव, अर्जांची वाट ‘आपले सरकार’ या एकाच संकेतस्थळाकडे जात होती. ते मंदावले, सेवा केंद्रांपुढे रांगा वाढल्या आणि १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली.

३/ ‘गर्दी झाली, यंत्र थकले’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. गर्दीचे गणित संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्येच एकाच वेळी येणाऱ्या कॉल्सचा सिद्धान्त मांडला.

४/ १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला: आत थांबलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा वेग × प्रत्येकाला लागणारा वेळ.

५/ समजा, सेकंदाला ५० अर्ज येतात आणि प्रत्येकास २ सेकंद लागतात. एका वेळी १०० जोडण्या उघड्या राहतील. आतील एखादी पडताळणी रेंगाळून वेळ ४० सेकंदांवर गेला, तर २,००० होतील. शेतकरी तेवढेच, गर्दी वीसपट! शिवाय पान उघडेना म्हणून पुन्हा बटण दाबणारा प्रत्येक जण त्यात भर घालतो.

६/ म्हणून निदानाचा पहिला प्रश्न: प्रोसेसर खरोखर व्यग्र आहे काय? तो रिकामा असूनही उत्तर उशिरा येत असेल, तर सर्व्हर कशाची तरी वाट पाहत आहे. डेटाबेसच्या मोजक्या जोडण्यांची, की दुसऱ्या यंत्रणेच्या उत्तराची? प्रत्येक टप्प्याचा वेळ स्वतंत्रपणे मोजल्यावरच हे उमगते.

७/ कधी दोष दारातच असतो. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला: एका सर्व्हरने एकाच वेळी १०,००० जोडण्या कशा सांभाळाव्यात? तेव्हाची प्रचलित रीत म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक कारकून. गिऱ्हाईक गप्प उभे असले, तरी कारकून अडकलेला.

८/ २००२ मध्ये लिनक्समध्ये ‘ईपोल’ आले, २००४ मध्ये ‘एनजिनएक्स’ खुले झाले. आता एकच कारकून, ज्याचे कागद तयार असतील त्यालाच हाक मारू लागला.

९/ तरीही दार रुंद केल्याने आतली खिडकी रुंद होत नाही. मुदतवाढीने रांगेतल्या शेतकऱ्याला आठवडा मिळाला. रांग कुठे अडली, हे मात्र मोजणीच सांगू शकते. ती मोजणी पहिला अर्ज येण्यापूर्वी, कृत्रिम गर्दी सोडून करता येते.