पाळी गेल्यानंतरची हाडं : गोळी किती, भाकरी किती, व्यायाम कोणता?

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. आपल्याकडे हे साधारण ४५ ते ५० या वयात होतं. इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे पुढची पाच-सात वर्षं हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते. दुखत काहीच नाही, म्हणून लक्ष जात नाही. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो, मनगट मोडतं किंवा खुबा जातो. खुबा मोडलेल्या बऱ्याच बायका पूर्वीसारख्या चालू शकत नाहीत.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार या वयातल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. हिशोब घरापासून सुरू करावा. दोन पेले म्हणजे ४०० मिली दुधातून साधारण ४८० मिलिग्रॅम मिळतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात ३५० च्या आसपास असतं, पण ते सगळंच अंगी लागत नाही. चंदगड-खानापूरकडची नाचणीची भाकरी आणि अंबील याबाबतीत पांढऱ्या भातापेक्षा कितीतरी पुढे आहे. चमचाभर तिळातून शंभरेक मिलिग्रॅम मिळतं, मात्र तीळ सालीसकट हवेत. पॉलिशच्या पांढऱ्या तिळात कॅल्शियम बरंच कमी असतं. वाटीभर दही आणि थोडी पालेभाजी धरली तर तूट फारशी उरत नाही. गोळी असते ती या तुटीपुरती.

गोळीच्या डब्यावरचा आकडा नीट वाचायला हवा. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ असं छापलेलं असलं तरी त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं. डब्यावर ‘एलिमेंटल कॅल्शियम’ म्हणून लिहिलेला आकडा खरा, आणि भावाची तुलनाही त्यावरूनच करावी. जनऔषधी केंद्रात डी-३ सह कॅल्शियमच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. एका वेळी ५०० च्या वर घेऊन फायदा नाही. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. सकाळी सगळ्या गोळ्या एकदम गिळायची सवय इथे नडते.

‘जास्त घेतलं तर काय बिघडतं?’ असं बरेच जण विचारतात. अमेरिकेत ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. कॅल्शियम आणि डी घेणाऱ्या गटात खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं नाही, मूतखडे मात्र १७ टक्के वाढले. ज्यांना खडा होऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये. ६० हजार युनिटचं डी जीवनसत्त्व बहुधा आठवड्याला एकदा आणि ठरावीक आठवडेच दिलं जातं. ते रोज घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

आता व्यायाम. ‘दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला?’ हे घरोघरी ऐकू येतं. राबणं खोटं नाही, पण त्यात ओझं हळूहळू वाढत जात नाही आणि तोल सुधारत नाही. चालणं चांगलंच, पण नुसतं चालून हाड फारसं भरत नाही. सायकल आणि पोहणं हृदयाला उत्तम, पण त्यात हाडांवर शरीराचा भार कमी पडतो. आठवड्यातून दोन-तीनदा हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठावं-बसावं. भिंतीला टेकून दंड काढावेत. पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन, ती दोन्ही हातांत घेऊन उचलावी. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, एका पायावर उभं राहावं. सोपं वाटू लागलं की वजन वाढवावं.

उंची कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल किंवा किरकोळ पडून हाड मोडलं असेल, तर हे व्यायाम आधी डॉक्टरांना विचारूनच करावेत. मणका दबलेला असताना पुढे वाकायचे व्यायाम आणि आसनं धोक्याची ठरतात. गावातल्या मोफत शिबिरात टाचेवर मशीन लावून हाडांची तपासणी होते. तिच्यावरून निदान होत नाही. त्यासाठी डेक्सा तपासणी लागते. तिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला तर तो ऑस्टिओपोरोसिस. तेव्हा नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही, हाडं मोडू नयेत म्हणून वेगळी औषधं डॉक्टर सुरू करतात.