गाडी ‘पासिंग’मध्ये कशामुळे अडकते? कडावच्या टेम्पोपासून कॅम्पर व्हॅनपर्यंत

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कडावमध्ये सकाळच्या वेळी गाड्यांची बरीच वर्दळ असते. विटांचे टेम्पो, दुधाचे पिकअप, शाळेची व्हॅन आणि कर्जत स्टेशनकडे निघालेल्या रिक्षा सतत जात-येत असतात. शनिवार-रविवारी त्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची भर पडते आणि आता अधूनमधून एखादी कॅम्पर व्हॅनही दिसते. बालदिगंबर गणेशाचे दर्शन घेऊन ही मंडळी पुढे कशेळे, आंबिवली, कोथळीगडाच्या बाजूला जातात.

या गाड्यांपैकी काहींना ठरावीक मुदतीने सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. काही गाड्यांची मात्र वर्षानुवर्षे कोणीच तपासणी करत नाही. ही तपासणी नेमकी कशाची होते, गाड्या कुठल्या कारणांनी नापास होतात आणि फिरते घर बनवलेल्या गाडीत वेगळे काय बिघडते, ते समजून घेऊ.

फिटनेस प्रमाणपत्र म्हणजे काय?

बोलीभाषेत ज्याला ‘पासिंग’ म्हणतात, ते म्हणजे योग्यता प्रमाणपत्र. गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे, असा दाखला त्यातून मिळतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनाकडे वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे आरसी बुक खिशात असले तरी कायद्याच्या नजरेत ती गाडी बिननोंदणीची ठरते. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात फिटनेसची तारीख आधी पाहिली जाते आणि ती उलटून गेलेली असेल, तर वाद तिथूनच सुरू होतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गाड्यांचे काम पनवेलच्या आरटीओ कार्यालयात चालते. त्यांच्या पाटीवर एमएच ४६ असते. जुन्या गाड्यांवर अजून रायगडचा एमएच ०६ दिसतो.

किती वर्षांनी तपासणी?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. नियम गाडीच्या वापरावर अवलंबून आहे.

परिवहन वाहन, म्हणजे पिवळ्या पाटीची गाडी: नवीन गाडीला पहिली दोन वर्षे प्रमाणपत्र असते. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी करावी लागते. नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीआधी पहिल्या दोन वर्षांनंतर लगेच दरवर्षीची तपासणी सुरू होत असे.

खासगी वाहन, म्हणजे पांढऱ्या पाटीची गाडी: नोंदणी १५ वर्षांची असते. नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होते आणि मग पाच वर्षांची मुदत मिळते. मधल्या काळात फक्त पीयूसी काढावे लागते. पीयूसीमध्ये धूर तपासतात, ब्रेक नाही.

इतर अनेक देशांत खासगी गाड्यांनाही ही सवलत नाही. ब्रिटनमध्ये मोटारहोमसह बहुतेक गाड्यांना सुरुवातीची काही वर्षे सरली की दरवर्षी ‘एमओटी’ चाचणी द्यावी लागते. जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे खासगी गाडीचा मालक १५ वर्षे स्वतःच निरीक्षक असतो.

तपासणीत काय बघतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ६२ मध्ये तपासणीच्या बाबी दिल्या आहेत. हेडलाइट आणि त्याचा झोत, इतर दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टेअरिंग अशी ती यादी आहे.

पारंपरिक पद्धतीत मोटार वाहन निरीक्षक गाडी डोळ्यांनी पाहतो आणि चालवून बघतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा मार्ग असणे राज्यातल्या आरटीओंना बंधनकारक झाले. दुसरी पद्धत स्वयंचलित चाचणी केंद्राची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम केले. अशा केंद्रात चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो ते मोजतात. डाव्या-उजव्या चाकांतला फरक, हेडलाइटचा झोत, स्टेअरिंगच्या सांध्यांतला ढिलेपणा हेही यंत्रावर दिसते. केंद्र चालवणाऱ्याला गाड्यांची दुरुस्ती किंवा सुटे भाग विकण्याचा धंदा करता येत नाही. नापास ठरवणारा आणि दुरुस्त करून देणारा एकच असू नये, हा त्यामागचा हेतू.

गाड्या नापास कशावर होतात?

इंजिनाच्या मोठ्या बिघाडामुळे गाडी अडकेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण इंजिन बिघडलेली गाडी बहुधा तपासणीपर्यंत पोहोचतच नाही. अडतात त्या चालू गाड्या, आणि त्याही साध्या गोष्टींवर. ब्रिटनमधल्या एमओटीच्या आकडेवारीतही दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर हीच नापास होण्याची मुख्य कारणे वर्षानुवर्षे दिसतात.

दिवे: एक पार्किंग लाइट बंद, ब्रेक लाइटचा बल्ब गेलेला, इंडिकेटरची काच फुटलेली किंवा हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा. बाजारातून आणून बसवलेले झगझगीत एलईडी दिवे इथेच अडवतात.

रिफ्लेक्टर टेप: मालवाहू गाडीला पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी टेप लागते. विटा-रेती वाहणाऱ्या टेम्पोची टेप फळके घासून आणि चिखल बसून लवकर निकामी होते. रात्री बंद पडलेला टेम्पो मागून येणाऱ्याला दिसतो तो या टेपमुळेच.

टायर: चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. मोजायला उपकरण लागत नाही. नक्षीच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की तो बदलायचा.

ब्रेक: लायनर झिजलेले, एका चाकाचा ब्रेक कमी लागणारा, हँडब्रेक उतारावर न धरणारा किंवा ब्रेक ऑइल गळणारे.

स्टेअरिंग आणि सस्पेन्शन: टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट आणि बुश ढिले होतात. खड्ड्यांचा रस्ता आणि क्षमतेपेक्षा जास्त माल यांमुळे पाट्याचे एखादे पान तुटते. चालकाला ते पटकन लक्षात येत नाही.

चेसिस नंबर: गाडी तीच आहे, हे पटवण्यासाठी तो स्पष्ट दिसावा लागतो. कर्जत परिसरात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चिखल आणि गंज यांखाली नंबर वाचता येत नाही आणि धडधाकट गाडीही परत पाठवली जाते.

कागदपत्रे आणि जोडसाधने: विमा, पीयूसी, कर किंवा परमिट यांपैकी एखाद्याची मुदत संपलेली असते. ज्या गाड्यांना वेग नियंत्रक किंवा ठावठिकाणा सांगणारे उपकरण बंधनकारक आहे, त्यांत ते बसवलेले असते पण चालू नसते.

यांतल्या बहुतेक त्रुटी गावातल्या गॅरेजमध्ये एका दिवसात दुरुस्त होतात. तरीही गाड्या अडकतात, कारण मालक पासिंगच्या दिवशीच पहिल्यांदा गाडीभोवती फिरून बघतो.

घाट आणि पाऊस

मैदानी भागात चालून जाणारी त्रुटी या पट्ट्यात महागात पडते. खालापूर तालुक्यातून बोरघाट चढतो आणि उतरतो. २६ जुलै २०२५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळच्या उतारावर एका कंटेनर ट्रेलरने वीसच्या आसपास वाहनांना धडक दिली. एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. ट्रेलरचे ब्रेक निकामी झाल्याची माहिती प्राथमिक तपासात पुढे आली.

उतारावर ब्रेक जाण्याचे कारण बहुतेकदा उष्णता असते. लांब उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला तर लायनर तापतात आणि त्यांची पकड कमी होते. हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या गाड्यांत ऑइलचाही प्रश्न येतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल दाबले तरी ते पोकळ जाते. म्हणूनच घाट उतरताना खालचा गिअर ठेवायचा आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचे. जुने ऑइल बाटलीत भरलेले दिसते, त्यामुळे वरवरच्या पाहणीत ते ‘ठीक’ वाटते.

कॅम्पर व्हॅनचे काय?

कॅम्पर व्हॅन किंवा मोटारहोम म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र तांत्रिक मानकही आहे. भाड्याने दिली जाणारी कॅरॅव्हॅन परिवहन वाहनांत मोडते, म्हणून तिला वेळोवेळी पासिंग लागते. स्वतःच्या वापराची कॅम्पर खासगी वाहनांत मोडते आणि तिची १५ वर्षे तपासणी होत नाही. पण पलंग, कपाटे आणि पाण्याची टाकी घेऊन फिरणारी ही गाडी साध्या मोटारीपेक्षा कितीतरी जड असते.

या गाड्यांचा सांगाडा नेहमीच्या टेम्पो ट्रॅव्हलर किंवा पिकअपचा असतो. त्यामुळे इंजिन-गिअरबॉक्सचे काम कुठलाही जाणता मिस्त्री करू शकतो. त्रास होतो तो दोन कारणांनी.

पहिले कारण, गाडी उभी राहणे. टेम्पो रोज धावतो, कॅम्पर महिनोन् महिने उभी असते. बॅटरी उतरते. ब्रेकचे ड्रम आणि डिस्क गंजून चिकटतात. टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर कडक होऊन बाजूला भेगा पडतात. टायरवरचे चार अंकी आकडे त्याचे वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कर्जतकडच्या फार्महाऊसवर उभ्या गाडीत उंदीर शिरून वायरी कुरतडतात, हा तर ठरलेला प्रकार. पावसाळ्यात छताच्या खिडकीच्या आणि सांध्याच्या रबरातून पाणी झिरपते आणि प्लायवूड आतून कुजते.

दुसरे कारण, नंतर केलेली जोडकामे. जादा बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर पॅनेल यांच्या वायरी फ्यूजशिवाय ओढल्या तर आगीचा धोका असतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूने हवा खेळती हवी. वजनाचा हिशेबही चुकतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेही बऱ्याचदा मागच्या धुरीवर. आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनापुढे गाडी गेली, की ब्रेक आणि टायर दोन्ही अपुरे पडतात.

कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मनाने करता येत नाही. साध्या व्हॅनमध्ये परस्पर पलंग-शेगडी बसवली आणि आरसी बुकात नोंद केली नाही, तर तपासणीत अडचण येतेच, शिवाय विम्याच्या वेळीही येते.

आठवडाभर आधी काय बघावे?

गाडी भिंतीसमोर उभी करून सगळे दिवे लावावेत. ब्रेक लाइट दुसऱ्या माणसाला बघायला सांगावेत. स्टेपनीसह सगळे टायर तपासावेत. रिकाम्या आणि सुरक्षित चढावर हँडब्रेक लावून गाडी धरते का, ते पाहावे. रात्रभर उभ्या गाडीखाली पुठ्ठा ठेवला तर सकाळी गळती कळते. वायपर, हॉर्न, आरसे आणि सीटबेल्ट तपासावेत. चेसिस नंबर घासून स्वच्छ करावा. ज्या गाड्यांना लागते त्यांची प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक नळकांडे मुदतीत आहेत का, हे बघावे. कागदपत्रांच्या तारखा एकाच कागदावर लिहून काढाव्यात.

नापास झाली किंवा मुदत टळली तर?

गाडी नापास झाली तर त्रुटी लेखी मिळतात. त्या दुरुस्त करून पुन्हा चाचणी देता येते. अर्ज आणि शुल्क परिवहन संकेतस्थळावर भरता येते. मुदत संपल्यावर दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. रिक्षा-टॅक्सी संघटनांच्या विरोधानंतर २०२४ मध्ये राज्य सरकारने तिच्या वसुलीला स्थगिती दिली. पण स्थगिती फक्त या शुल्काला आहे. फिटनेस नसताना गाडी चालवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

पासिंगपुरते चांगले टायर मागून आणायचे आणि संध्याकाळी परत काढायचे, ही जुनी पळवाट आहे. तपासणीचे कागद त्यामुळे मिळतात. पण निरीक्षक गाडी पाहतो तो वर्षातला एक दिवस. उरलेले दिवस शाळेच्या व्हॅनमधली मुले, टेम्पोच्या मागून येणारा दुचाकीस्वार आणि घाट उतरणारा चालक त्याच टायरवर आणि त्याच ब्रेकवर विसंबून असतात.