तिजोरीत ठेवलेली गाणी

टॉम लेहररचं ‘द एलिमेंट्स’ तुम्ही यूट्यूबवर ऐकलं असेल. पियानोवर बसलेला चष्मेवाला माणूस दीडेक मिनिटात १०२ मूलद्रव्यांची नावं धडाधड म्हणून दाखवतो. आमच्या बारावीच्या केमिस्ट्रीच्या ग्रुपवर ते कुणीतरी टाकलं होतं आणि मग आठवडाभर आम्ही सगळे जिभेचे तुकडे पाडत होतो. शब्द लेहररचे, १९५९ सालचे. चाल मात्र त्याची नाही. ती १८७९ सालची, ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ नावाच्या विनोदी ऑपेरामधल्या एका मेजर जनरलच्या गाण्याची. ती चाल कुणाची हे शोधता शोधता मी व्हिक्टोरियन लंडनमध्ये जाऊन पडलो तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

माणसं तीन. डब्ल्यू. एस. गिल्बर्ट शब्द लिहायचा. आधी वकिली करून पाहिलेला, तिरकस डोक्याचा गृहस्थ. संगीत आर्थर सलिव्हनचं. आणि या दोघांना एकत्र बांधून ठेवणारा, पैसे लावणारा रिचर्ड डॉयली कार्ट. १८७१ ते १८९६ या काळात गिल्बर्ट-सलिव्हननी १४ ऑपेरा केले. न्यायालय, आरमार, पार्लमेंट, कवी, कुणालाही सोडलं नाही. यातल्या ‘मिकाडो’चे पहिल्याच फेरीत ६७२ प्रयोग झाले. कार्टने त्यांच्यासाठी १८८१ मध्ये बांधलेलं सॅव्हॉय थिएटर ही संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली जगातली पहिली सार्वजनिक इमारत. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं होतं. म्हणजे हा काळ आपल्याला अगदीच परका नाही.

मला मात्र या ऑपेरांपेक्षाही ते आपल्यापर्यंत पोचले कसे, याच गोष्टीने जास्त धरून ठेवलं. कारण १४ पैकी सगळे पोचलेले नाहीत.

पहिलाच घ्या. ‘थेस्पिस’, २६ डिसेंबर १८७१, लंडनचं गेटी थिएटर. म्हातारे झालेले ग्रीक देव सुट्टीवर जातात आणि त्यांचं काम एक नाटक कंपनी वर्षभर सांभाळते, अशी धमाल कल्पना. नाताळच्या हंगामापुरता खेळ चालला, संपला. एक सुटं गाणं तेवढं छापलं गेलं. बाकी संगीत हस्तलिखितातच राहिलं आणि ते हस्तलिखित कुठे गेलं कुणालाच ठाऊक नाही. शब्द आहेत, कारण ते पुस्तकरूपात छापले होते. सूर गेले. एक समूहगीत वाचलं ते सलिव्हनने आठ वर्षांनी ‘पायरेट्स’मध्ये पुन्हा वापरलं म्हणून. १९९० च्या सुमारास संशोधकांना त्यातल्या बॅलेचं बरंचसं संगीत सलिव्हनच्या इतर कागदांत सापडलं. बस, एवढंच.

आता याच्या उलट टोकाला ‘एच. एम. एस. पिनाफोर’, १८७८. हा ऑपेरा लंडनमध्ये गाजला आणि अमेरिकेत अक्षरशः लुटला गेला. तेव्हा परदेशी लेखकाला अमेरिकेत कॉपीराइटच नव्हता. तो कायदा १८९१ मध्ये आला. छापील पियानो-प्रत विकत घ्यायची, वाद्यवृंदाचं संगीत आपल्याच कुणाकडून अंदाजाने लिहून घ्यायचं आणि खेळ लावायचा. न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी अनेक थिएटरांत ‘पिनाफोर’ चालू होतं आणि लंडनला एक छदामही जात नव्हता.

कार्ट मंडळी चिडली, ते साहजिकच. पण त्यांनी केलेला बंदोबस्त वाचण्यासारखा आहे. पुढच्या ऑपेराचं नावच त्यांनी ‘पायरेट्स’, म्हणजे चाचे, असं ठेवलं आणि त्याचा पहिला खेळ न्यूयॉर्कमध्ये लावला. ब्रिटनमधला हक्क बुडू नये म्हणून आदल्या दिवशी, ३० डिसेंबर १८७९ ला, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पेन्टन गावात एक नावापुरता प्रयोग उरकला. ‘पिनाफोर’चा दौरा करणारेच नट, त्याच नाटकाचे खलाशी वेष, चाचे दिसावेत म्हणून डोक्याला रुमाल आणि गाणी पाठ नसल्याने हातात कागद. तिकडे न्यूयॉर्कमध्ये सलिव्हनची वेगळीच तारांबळ: पहिल्या अंकाचे कच्चे आराखडे तो इंग्लंडमध्ये विसरून आला होता. बराचसा अंक त्याने आठवून पुन्हा लिहिला. प्रयोग सुरू झाल्यावर वादकांच्या वह्या रोज रात्री गोळा करून तिजोरीत ठेवल्या जायच्या. तरीही प्रेक्षकांत बसून चाली टिपून घेणारे होतेच. ‘मिकाडो’च्या वेळी कार्ट अमेरिकन कोर्टात गेला आणि हरला. पियानो-प्रत तुम्ही छापून विकली आहे, मग तिच्यावरून कुणीही नवा वाद्यवृंद बेतू शकतो, असं न्यायाधीशाचं म्हणणं.

मला इथे दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत आहे. ज्याने लिहिलं त्याला पैसे मिळायलाच हवेत. १८७९ मधली अमेरिकन लूट ही लूटच होती. पण ज्याची कुणी चोरी केली नाही, नक्कल केली नाही, ज्याच्या चार प्रती चार गावांत पडून राहिल्या नाहीत, ते ‘थेस्पिस’ गेलं. ‘पिनाफोर’ नष्ट करायचं कुणी मनावर घेतलं असतं तरी ते जमलं नसतं.

सलिव्हन १९०० मध्ये वारला, गिल्बर्ट १९११ मध्ये. आपल्या घरच्या तळ्यात बुडणाऱ्या मुलीला वाचवायला गेला आणि त्याचं हृदय बंद पडलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये हे ऑपेरा व्यावसायिकपणे करायचा अधिकार ५० वर्षं फक्त डॉयली कार्ट कंपनीकडे होता. आधी मुलगा, मग नात. कंपनीने गिल्बर्टच्या सूचनांच्या वह्या जपल्या, कुणी कुठे उभं राहायचं, पंखा कधी उघडायचा हेसुद्धा. घराण्याची गायकी जपतात तसं. पण याच ‘अस्सल’ परंपरेने ‘रडिगोर’ला १९२० च्या सुमारास नवं प्रास्ताविक संगीत लावलं, काही भाग कापला, आणि मग दोन-तीन पिढ्या त्यालाच मूळ समजत राहिल्या. १८८७ चं मूळ रूप हस्तलिखितांवरून जुळवून पुन्हा रंगमंचावर यायला १९८७ साल उजाडलं. बरोबर १०० वर्षं!

संगीताचे हक्क १९५० च्या अखेरीस संपले, शब्दांचे १९६१ च्या. १९६६ मध्ये सलिव्हनच्या घराण्याकडची हस्तलिखितं लंडनमध्ये लिलावात निघाली आणि वेगवेगळ्या हातांत गेली. त्याचा एक फायदाही झाला: ‘द झू’ नावाची सलिव्हनची १८७५ मधली एक छोटी संगीतिका, जी ९० वर्षं कपाटात पडली होती, ती विकत घेणाऱ्या अभ्यासकाने थेट छापूनच टाकली. डॉयली कार्ट कंपनी २७ फेब्रुवारी १९८२ च्या प्रयोगानंतर बंद पडली. सरकारी अनुदान मिळालं नाही, पैसे संपले. तिजोरी उघडी आणि तिजोरीचा मालक गायब, अशी अवस्था.

इथून पुढचं काम हौशी लोकांनी केलं. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॉइसी स्टेट विद्यापीठाच्या सर्व्हरवर गिल्बर्ट-सलिव्हन संग्रह सुरू झाला. सर्व्हर गणित विभागाचा! लेहररही गणितवालाच, या लोकांना या गाण्यांत काय दिसतं कोण जाणे. १९९३ म्हणजे गुगलच्या पाच वर्षं आधी. सगळे ऑपेरा शब्दन् शब्द टाइप केले गेले. आवाजासाठी मिडी फाइल्स: त्यात आवाज नसतोच, कुठला सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा याच्या सूचना असतात, म्हणून एक अख्खं गाणं काही किलोबाइटमध्ये मावतं. डायल-अपच्या जमान्यात हे फार मोलाचं होतं. ऐकायला व्हिडिओ गेमसारखं वाटतं, खरं सांगायचं तर. पण गावातल्या हौशी मंडळातल्या एखाद्या गायकाला आपली ओळ घरबसल्या पाठ करता येते. आज जुन्या छापील प्रतींचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर आणि आयएमएसएलपीवर फुकट आहेत. १८८५ च्या पियानो-प्रतीचं पान मी फोनवर दोन बोटांनी मोठं करून वाचतो. जी प्रत छापल्यामुळे कार्ट खटला हरला, तीच ही.

कागदाचं हे झालं. गळ्याचं काय?

‘पायरेट्स’चं ते भरधाव गाणं लंडनमध्ये गाजवलं जॉर्ज ग्रॉसस्मिथने. अशा सगळ्या भूमिका आधी त्याच्याकडेच असायच्या. तो १९१२ पर्यंत जगला, ग्रामोफोन आलेला होता, आणि तरी त्याच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. हे वाचलं तेव्हा मला भाऊराव कोल्हटकर आठवले. भाऊराव १९०१ मध्ये गेले, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात उतरला. वर्षा-दोन वर्षांची चुकामूक. फरक एवढाच की ग्रॉसस्मिथने काय गायलं याची स्वरलिपी तरी आहे. आपल्या नाटकांच्या छापील पुस्तकात पदावर राग, ताल आणि ‘चाल अमुक’ एवढंच असतं. ती अमुक चाल विसरली गेली की खेळ खलास.

सलिव्हनचा बोलण्याचा आवाज मात्र आहे. ५ ऑक्टोबर १८८८ ला लंडनमध्ये एका जेवणानंतर त्याने एडिसनसाठी मेणाच्या सिलिंडरवर निरोप बोलून ठेवला. खरखर इतकी की कान लावून ऐकावं लागतं. तो म्हणतो त्याचा आशय असा, की या शोधाने मी थक्क झालोय आणि घाबरलोयही, कारण आता भिकार संगीतसुद्धा कायमचं नोंदलं जाईल. रील्सच्या जमान्यात हे ऐकताना मला खूप हसू आलं.

पण त्याची भीती अगदीच पोकळ नाही. ‘मिकाडो’चंच बघा. त्यातल्या दोन गाण्यांत कृष्णवर्णीयांसाठीची एक शिवी होती, तोंडाला काळं फासून गाणाऱ्या गोऱ्या कलाकारांना उद्देशून. १९४८ मध्ये कंपनीने ए. पी. हर्बर्ट या लेखकाकडून त्या ओळी बदलून घेतल्या. शिवाय गोऱ्या नटांनी जपानी सोंगं आणणं हा मूळ ढाचाच आज अनेकांना खुपतो. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या मंडळीने विरोधानंतर ठरलेले प्रयोग रद्द केले. मग ऑनलाइन संग्रहात कुठली संहिता ठेवायची? माझं मत स्पष्ट आहे: १८८५ चीही आणि १९४८ चीही, दोन्हींवर साल घालून. स्टेजवर ती शिवी नको, त्यात चर्चेला जागाच नाही. पण ती १८८५ मध्ये होती आणि लंडनचे सभ्य प्रेक्षक तिला हसत होते, हे पुसून टाकलं तर आपण कार्ट कंपनीने ‘रडिगोर’चं केलं तेच करू.

कॉपीराइटचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही. ऑपेरा मोकळे झाले तरी ध्वनिमुद्रणांचे हक्क वेगळे असतात. १९२३ च्या आधीची ध्वनिमुद्रणं अमेरिकेत मोकळी झाली ती १ जानेवारी २०२२ ला. त्यात रिचर्ड टेंपल आहे, १८८५ चा पहिला मिकाडो, ज्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली काही गाणी रेकॉर्ड केली होती. एक जण तरी सापडला.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल तर ‘ट्रायल बाय ज्युरी’. १८७५ चा, ४० मिनिटांचा, मधे संवाद नाहीत, नुसतं गाणं. लग्नाचं वचन मोडलं म्हणून एक मुलगी कोर्टात आलीय आणि अख्खी ज्युरी तिच्या प्रेमात पडलीय. फोनवर एका बाजूला संहिता उघडी ठेवा, कारण शब्द भरभर पळतात.