दत्तकाच्या वाटेवरचे स्थलदर्शन

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण साधारणपणे प्रवाशाच्या हेतूपासून सुरुवात करतो. तीर्थयात्रा, व्यापार, शिक्षण, शिष्टाई, हौस अशी ती यादी असते. हेतू बदलला की दृष्टी बदलते आणि दृष्टीबरोबर लेखनाचा पोतही बदलतो, हे आपण विद्यार्थ्यांना सांगत असतो. या यादीत सहसा न येणारा एक हेतू विसाव्या शतकाच्या अखेरीस जगात ठळकपणे दिसू लागला. तो म्हणजे परक्या देशातील मूल दत्तक घेण्यासाठी त्या देशाचा प्रवास करणे. 1992 ते 2024 या काळात चीनमधून एक लाख साठ हजारांच्या आसपास मुले परदेशी कुटुंबांत दत्तक गेली. त्यांपैकी सुमारे 82,000 एकट्या अमेरिकेत गेली. त्यांत मुलींचे प्रमाण फार मोठे होते. या दत्तकांमागे तितकेच प्रवास होते आणि अनेक आईवडिलांनी त्यांचे लेखन केले. रोजनिशा, घरी धाडलेली पत्रे, छायाचित्रांखालच्या ओळी आणि काही पुस्तकेही त्यांतून निर्माण झाली. या लेखनात एक गोष्ट सतत खटकते. आयुष्यातील सर्वांत गंभीर निर्णय घेऊन निघालेली ही माणसे पानेच्या पाने चीनची भिंत, राजवाडे, मंदिरे आणि बाजार यांना देतात. मूल आणायला गेलेल्यांनी भिंत कशाला पाहावी?

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच अनोळखी नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली घरून निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल या आशेने. वाटेत बंडाने गाठले आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. परतले तेव्हा त्यांच्यापाशी गंगेची कावड होती. परंतु 1907 साली छापले गेलेले त्यांचे 'माझा प्रवास' आज आपण यज्ञासाठी वाचत नाही. त्यांनी वाटेत जे पाहिले त्यासाठी वाचतो. आणि ज्या झाशीत ते अडकले, तिचा प्रश्नही दत्तकाचाच होता. गंगाधररावांनी 1853 साली मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही, हे आपण जाणतोच. प्रवाशाचा हेतू एक असतो आणि पुढच्या पिढीला त्याच्या लेखनातून हवे असते ते दुसरेच. चिनी दत्तकप्रवासाच्या नोंदींकडेही याच दृष्टीने पाहायला हवे.

या प्रवासातील स्थलदर्शनाला प्रथम कायद्याने जागा करून दिली. चीनचा दत्तक कायदा 1991 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 1992 पासून अमलात आला. परदेशी पालकाने दत्तकाच्या नोंदणीसाठी स्वतः चीनमध्ये आले पाहिजे, पती-पत्नीपैकी एकालाच येणे शक्य असेल तर दुसऱ्याचे लेखी अधिकारपत्र आणले पाहिजे, असा तेथील नियम होता. मग ठरावीक क्रम सुरू होई. बरेचसे गट आधी बीजिंगला उतरत. एकदोन दिवस भिंत आणि राजवाडा पाहण्यात जात. नंतर ज्या प्रांतातील अनाथालयात मूल असेल त्या प्रांताच्या राजधानीला जायचे; हूनानचे चांगशा, च्यांगशीचे नानचांग, हूपेचे वूहान ही नावे या लेखनात पुन्हा पुन्हा येतात. तेथे सरकारी कचेरीत किंवा चक्क हॉटेलच्या खोलीत मूल हाती दिले जाई. नोंदणी, साक्षांकन आणि मुलाचा पारपत्र तयार होईपर्यंत काही दिवस थांबावे लागे. अमेरिकन कुटुंबांना शेवटी क्वांगचौला जाऊन मुलाची वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा ही कामे उरकावी लागत. सगळे मिळून सुमारे दोन आठवडे होत. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत जो रिकामा वेळ उरे, त्यात दुभाष्या या मंडळींना गाव दाखवी.

क्वांगचौमधील शामियान हे बेट या प्रवासाचे जणू शेवटचे स्थानक होते. दुसऱ्या अफूयुद्धानंतर ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या ताब्यात गेलेली ही वसाहत. तेथेच 1983 साली उघडलेले व्हाइट स्वान हॉटेल आणि शेजारी अमेरिकन वकिलात. अनेक वर्षे नवे आईबाप आपापल्या बाळांना तेथील तांबड्या कोचावर ओळीने बसवून छायाचित्रे काढीत. खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने काढलेली, गोऱ्या बार्बीच्या कडेवर चिनी बाळ असलेली बाहुली या हॉटेलात उतरणाऱ्या पालकांना भेट मिळे. 2013 मध्ये वकिलातीचे कामकाज शहराच्या नव्या भागात हलले आणि बेटावरची ही वर्दळ ओसरली. ज्या बेटावर एकेकाळी परकीय व्यापाऱ्यांनी चीनशी सौदे केले, तेथूनच चिनी मुलींनी देश सोडावा, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे.

तथापि या पालकांच्या स्थलदर्शनाला केवळ वेळ घालवणे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या नोंदी वाचताना लवकरच ध्यानात येते की त्यांचा वाचक ठरलेला आहे आणि तो अजून वाचायला शिकलेला नाही. 'तू तेव्हा माझ्या छातीशी झोपली होतीस' अशा धर्तीचा द्वितीयपुरुषी स्वर त्यांत वारंवार येतो. मुलीचे चिनी नाव कोरलेला दगडी शिक्का, पुढच्या वाढदिवसांना एकेक द्यावा म्हणून घेतलेले लहानमोठ्या मापांचे रेशमी कपडे, तिच्या प्रांतातील एखादी भरतकामाची वस्तू, ही खरेदीही तशीच आहे. सामान्य घरात मुलाला आपल्या जन्माची हकिकत आजीकडून, आत्याकडून, शेजारणीकडून कळते. तू झालीस त्या रात्री पाऊस होता, सुईण वेळेवर आली नाही, आजोबांनी पेढे वाटले, अशा तपशिलांनी माणसाचा आरंभ घडतो. या मुलींच्या बाबतीत असे सांगणारे कोणीच हाताशी नव्हते. म्हणून आईवडिलांनी तिच्या घराच्या जागी तिचा देश पाहिला, आणि नातेवाइकांनी सांगायची गोष्ट स्वतः रचून ठेवली. भिंत पाहण्याचे कारण हे होते.

परंतु याच ठिकाणी या लेखनाची मर्यादाही सुरू होते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात चोरखमारा हे गाव आहे. नागझिरा अभयारण्यात शिरण्याच्या वाटांपैकी एक वाट येथून जाते. पर्यटकाची गाडी ठरल्या वेळी फाटकातून आत जाते, वाटाड्या दाखवील ते प्राणी आणि पाणवठे पाहिले जातात आणि ठरल्या वेळी ती बाहेर येते. पर्यटकाच्या लेखी चोरखमारा हे फाटकाचे नाव असते. तेथे राहणाऱ्यांचे घर आणि शेत त्याच्या वाटेवर येत नाही. यात त्याचा वाईट हेतू नसतो, वाटच तशी आखलेली असते. चीनमधील दत्तकप्रवासाची वाटही अशीच आखलेली होती. आईवडिलांच्या हाती एक कागद येई. मूल कोणत्या दिवशी, कोणत्या पुलाजवळ, बाजारात किंवा कचेरीच्या दाराशी सापडले, एवढेच त्यावर लिहिलेले असे. मुलाचे आडनावही पुष्कळदा संस्थेने दिलेले, एकाच वेळी अनेक मुलांना लावलेले असे. काही पालक आग्रह धरून त्या पुलापर्यंत गेले आणि छायाचित्र घेऊन परतले. पुलापलीकडच्या गावापर्यंत मात्र सहसा कोणी पोचले नाही.

त्या गावांत काय घडत होते ते पुढे हळूहळू बाहेर आले. 1980 पासून चीनने एक मूल धोरण कडकपणे राबवले आणि 2016 पासून दोन मुलांना मुभा दिली. दंड, नोकरीवर गदा, सक्तीची शस्त्रक्रिया यांचे भय आणि मुलगा हवा ही जुनी ओढ यांच्या कात्रीत सापडलेल्या घरांतून मुली बाहेर ठेवल्या गेल्या, ही गोष्ट त्या काळीही ठाऊक होती. परंतु 2005 च्या अखेरीस हूनान प्रांतातील हंगयांग येथे अनाथालये दलालांकडून अर्भके विकत घेत असल्याचे प्रकरण उघडकीस आले. परदेशी पालकाकडून अनाथालयाला मिळणारी देणगी प्रायः 3,000 डॉलर असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या व्यवहाराचे गणित उलगडते. त्याच प्रांतातील लुंगह्वे तालुक्यात कुटुंबनियोजनाच्या अधिकाऱ्यांनी आईबापांकडून मुले हिसकावून नेल्याचे वृत्त 2011 साली चिनी पत्रकारांनी प्रसिद्ध केले. यातील विलक्षण गोष्ट अशी की अमेरिकेत सर्वाधिक चिनी मुले, सुमारे 7,900, पोचली ती 2005 याच वर्षी. म्हणजे ज्या महिन्यांत कोचावर सर्वाधिक छायाचित्रे निघत होती, त्याच महिन्यांत ही कागदपत्रे खोटी असू शकतात हे कळू लागले होते. या नोंदी खोट्या नाहीत. पालकांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. जे त्यांना दाखवले गेले नाही, त्याचीही आठवण ठेवून त्या वाचाव्या लागतात.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात दत्तकाचा प्रवास परंपरेने उलट दिशेने होत आला. पालक मुलाकडे जात नसत, मूल पालकांकडे नेले जाई. 1875 साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून मुले बडोद्यास नेण्यात आली. त्यांतील बारा वर्षांचे गोपाळराव त्या वर्षीच्या मे महिन्यात सयाजीराव झाले. तेथे मुलाचे कूळ ठाऊक होते, किंबहुना कूळ ठाऊक होते म्हणूनच निवड झाली. स्वातंत्र्योत्तर काळातील परदेशी दत्तकांतही दिशा पुष्कळदा तीच राहिली. 1956 चा हिंदू दत्तक कायदा परदेशी ख्रिस्ती दांपत्याच्या उपयोगी नसल्याने 1890 च्या पालकत्व कायद्याखाली न्यायालयाचा हुकूम घेऊन मूल बाहेर जाई आणि दत्तक तिकडे पुरे होई. अनेक मुले सोबतीच्या माणसाबरोबर विमानाने गेली. खांडव्याचा हरवलेला मुलगा, पुढे सरू ब्रायर्ली या नावाने जगाला ठाऊक झालेला, 1987 साली असाच ऑस्ट्रेलियाला पोचला आणि नव्या आईवडिलांना त्याने प्रथम पाहिले ते मेलबर्नच्या विमानतळावर. 1984 साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी आंतरदेशीय दत्तकासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, तीही अशा व्यवहारांतील गैरप्रकारांच्या तक्रारीवरूनच.

याचा वाङ्मयीन परिणाम लक्षणीय आहे. चीनबाबतचे आरंभीचे प्रवासलेखन पालकांचे आहे. आपल्याकडून गेलेल्यांच्या बाबतीत प्रवास लिहिला तो मुलांनी, आणि तो परतीचा होता. नाशिक जिल्ह्यात 1967 साली जन्मलेली, मुंबईच्या अनाथाश्रमातून 1974 मध्ये बार्सिलोनातील कुटुंबात गेलेली आशा मिरो 1995 साली प्रथम परत आली. तिचे 'गंगेची मुलगी' अशा अर्थाच्या नावाचे कातालान पुस्तक 2003 मध्ये निघाले. तिच्या कथनाला दत्तक आईच्या रोजनिशीतील उताऱ्यांची जोड आहे. परक्या वाचकाला हे शीर्षक उत्तरेच्या गंगेचे वाटेल; नाशिककर मात्र गोदावरीलाच गंगा म्हणतात, म्हणून मराठी वाचकाला ते वेगळ्या अर्थाने खरे वाटते. पुढच्या भेटीत तिला आपली बहीण सापडली. दोघींना समान भाषा उरली नव्हती. ज्या जिल्ह्यातून कूळ पाहून एक मुलगा बडोद्याच्या गादीसाठी नेला गेला, त्याच जिल्ह्यातून शंभर वर्षांनी गेलेल्या मुलीला आपले कूळ स्वतः परत येऊन शोधावे लागले.

सप्टेंबर 2024 मध्ये चीनने परदेशी दत्तक बंद केल्याचे जाहीर केले. रक्ताच्या नात्यातील मुले आणि सावत्र मुले एवढाच अपवाद उरला. भारताने 2003 साली हेग करार मान्य केला, तरी 2010 मध्ये पुण्यातील एका दत्तक संस्थेच्या व्यवहारांचा तपास मुंबई उच्च न्यायालयाला केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवावा लागला. तेव्हा हा केवळ शेजाऱ्याचा इतिहास नव्हे. चीनमधून गेलेल्या मुली आज प्रौढ झाल्या आहेत. काही जणी त्या कागदावरच्या पुलापाशी स्वतः जात आहेत, भिंतींवर पत्रके लावीत आहेत, रक्ताच्या चाचण्यांतून नाती जुळवीत आहेत. त्यांच्या हाती आईवडिलांची जुनी रोजनिशी असते. तीत भिंतीचे आणि राजवाड्याचे वर्णन तीन पानांचे असेल. त्यांना हवी असते ती एखादी ओळ, जीत दुभाष्याने सहज उच्चारलेले गावाचे नाव किंवा मूल हाती देणाऱ्या बाईचा चेहरा टिपलेला असतो. प्रवासवर्णनाची थोरवी आपण बहुधा शैलीवरून ठरवतो. या लेखनाचा वाचक त्याला दुसराच प्रश्न विचारतो आहे आणि त्याचे उत्तर त्या ओळीतच मिळाले तर मिळेल.