तापी-सातपुडा प्रदेशातील ऐतिहासिक भूकंप : स्थाननिश्चिती व परिमाणनिश्चिती यांचा विचार

१. विषयाची व्याप्ती

भूकंपमापक यंत्रांच्या पूर्वकाळात झालेल्या भूकंपाचे स्थान व परिमाण ठरविणे हे कार्य वरवर पाहता केवळ भूभौतिकीचे वाटते. परंतु या कार्याची मूळ सामग्री यंत्रावरील रेखा नसून माणसांनी लिहिलेली वा सांगितलेली वाक्ये ही होय. ‘घरे पडली’, ‘लोक भयभीत होऊन बाहेर आले’, ‘धरणी कापली’ अशा वाक्यांचे अंकांत रूपांतर करावयाचे असते. आणि वाक्याचा अर्थ लावण्यात चूक झाली, तर पुढील गणित कितीही सूक्ष्म असले तरी ती दुरुस्त होत नाही. म्हणून या शास्त्राची पहिली पायरी पाठचिकित्सेची आहे. प्रस्तुत लेखात हा विचार मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद), त्याजवळील तापी-पूर्णा संगम आणि उत्तरेस पसरलेला सातपुडा यांच्या संदर्भात मांडला आहे.

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. शोण, नर्मदा व तापी या नद्यांच्या खोऱ्यांना अनुसरून भारतीय द्वीपकल्पाला छेदून जाणारा विभंगांचा एक लांब पट्टा आहे. २ जून १९२७ चा रेवा परिसरातील, १४ मार्च १९३८ चा सातपुड्यातील आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा, हे भूकंप याच पट्ट्यातील होत. चोपडा तालुक्यातील उनपदेवाचे उष्ण झरे सातपुड्याच्या पायथ्याशी याच पट्ट्यात आहेत. भारतात यंत्राद्वारे नोंदी घेण्यास मुंबई (कुलाबा), कलकत्ता (अलीपूर) व कोडाईकनाल येथे १८९८-९९ च्या सुमारास प्रारंभ झाला. द्वीपकल्पातील एकाच विभंगावर दोन मोठे भूकंप होण्यामधील काळ याहून कितीतरी दीर्घ असू शकतो. तेव्हा हतनूरसारखे धरण किंवा एखादी वस्ती यांनी किती धक्का सहन करावा, याचे उत्तर सव्वाशे वर्षांच्या यांत्रिक नोंदींतून पूर्णपणे मिळत नाही. ते जुन्या कागदांत शोधावे लागते.

२. तीव्रता व परिमाण

प्रथम दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. परिमाण म्हणजे भूकंपाच्या उगमस्थानी मुक्त झालेल्या शक्तीचे मान. एका भूकंपाचे परिमाण एकच असते. तीव्रता म्हणजे एखाद्या विशिष्ट ठिकाणी झालेला परिणाम. ती गावोगावी निराळी असते. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडलेली श्रेणी परिमाणाची आहे. तर मर्काली यांची श्रेणी, तिचे १९३१ चे सुधारित रूप, १९६४ ची ‘एम.एस.के.’ श्रेणी व १९९८ ची युरोपीय श्रेणी या तीव्रतेच्या आहेत. मराठी वृत्तपत्रांत ‘६.३ रिश्टर तीव्रतेचा भूकंप’ असा प्रयोग रूढ झाला असल्यामुळे हा भेद वाचकांच्या मनात पुसट झाला आहे. इतिहासाच्या अभ्यासकास तो पुसट होऊ देऊन चालणार नाही, कारण जुन्या कागदांतून मिळते ती केवळ तीव्रता. परिमाण हे तिजवरून काढलेले अनुमान असते.

३. वर्णनाचे वाचन

तीव्रतेच्या श्रेणी माणसांच्या, वस्तूंच्या व इमारतींच्या वर्तनावर आधारलेल्या आहेत. घरातील पुष्कळांना धक्का जाणवला व भांडी वाजली तर सुमारे चौथी श्रेणी; झोपलेले बहुतेक जागे झाले व टांगलेल्या वस्तू झुलल्या तर पाचवी; लोक घाबरून बाहेर धावले व गिलाव्यास चिरा गेल्या तर सहावी; आणि मातीच्या घरांची मोठी हानी झाली तर सातवी, असा हा क्रम चालतो. मात्र हे निकष स्थानिक जीवनाशी जुळवून घ्यावे लागतात. युरोपातील श्रेणीकाराने झुंबर व पेल्यांचा विचार केला. खानदेशातील घरात उतरंड, मांडणीवरील भांडी, देवळातील घंटा आणि विहिरीचे पाणी हे साक्षीदार होत. उतरंड मुळातच अस्थिर रचना असल्यामुळे ती कोसळणे आणि भिंतीस टेकलेल्या मांडणीवरील भांडी खाली येणे, या दोन गोष्टींना समान मूल्य देता येत नाही.

‘घरे पडली’ या वाक्याचीही अशीच छाननी केली पाहिजे. खानदेशातील धाब्याच्या घरावर मातीचा जड थर असतो, आणि भिंती बहुधा मातीच्या वा कच्च्या विटांच्या असतात. असे घर जेथे पडते तेथे लाकडी सांगाड्याचा वाडा केवळ तडकतो. शिवाय दीर्घ पावसानंतर मातीच्या भिंती धक्क्याविनाही खचतात. म्हणून कोणती घरे, किती घरे आणि कोणत्या ऋतूत पडली, हे कळल्यावाचून त्या वाक्यास अंक देणे सयुक्तिक नव्हे.

४. स्थलनामांचा प्रश्न

वर्णन विश्वसनीय असले तरी ते कोठले, हे निश्चित करावे लागते. मुक्ताईनगरचे जुने नाव या बाबतीत उद्‌बोधक आहे. खानदेशातील एदलाबाद आणि तेलंगणातील आदिलाबाद ही दोन्ही नावे जुन्या लेखनात ‘एदलाबाद’ अशा एकाच रूपात आढळू शकतात; आदिलाबादलाही पूर्वी एदलाबाद म्हणत. ‘आदिल’ या शब्दाचे उच्चारात ‘एदल’ होणे हा दख्खनी-मराठी व्यवहारातील परिचित ध्वनिविकार आहे. या दोन गावांत सरळ रेषेने सुमारे ३०० किलोमीटरांचे अंतर आहे. ‘एदलाबादेस धक्का जाणवला’ असे एखादे त्रोटक वाक्य चुकीच्या गावी नोंदले गेले, तर भूकंपाचे जाणीवक्षेत्र एका दिशेने शेकडो किलोमीटर ताणले जाईल आणि परिमाण अकारण वाढेल.

प्रशासकीय नावांबाबतही हीच सावधगिरी हवी. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांनाच पुढे जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ मध्ये नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नुसते ‘खानदेशात’ असे म्हणणारी एकोणिसाव्या शतकातील नोंद नकाशावर बिंदू म्हणून मांडता येत नाही. ती एका विस्तीर्ण क्षेत्राची नोंद आहे.

५. कालनिर्णय

मराठी कागदांत शक, फसली व सुहूर हे सन आणि मुसलमानी तारखा एकत्र नांदतात. त्यांच्या मेळासाठी जंत्र्या उपलब्ध आहेत. अधिक फसवा मुद्दा दिवसाच्या प्रारंभाचा आहे. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सुरू होतो, व्यवहारातील तारीख मध्यरात्रीपासून. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी, सोमवारी, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. जागतिक प्रमाणवेळेनुसार तो १० डिसेंबरचा ठरतो, आणि पंचांगाच्या रीतीने पाहता तोवर रविवारच चालू होता. १९३८ चा सातपुड्याचा भूकंप १४ मार्च रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ६ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास, म्हणजे खानदेशात सूर्य उगवण्याच्या किंचित आधी झाला. त्या काळी मुंबई शहरात निराळी मुंबई-वेळ चालू होती, आणि तेथील घड्याळात तेव्हा पावणेसहाही वाजले नव्हते. अशा नोंदी जुळविताना दक्षता न घेतल्यास एकाच भूकंपाचे दोन भूकंप होतात, किंवा मुख्य धक्का व पूर्वधक्का अशी काल्पनिक जोडी निर्माण होते.

याउलट, सणावारांशी निगडित स्मृती अनेकदा तारखेपेक्षा भरवशाची ठरते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे झाला. मराठवाड्यातील सामान्य माणसास ती तारीख विस्मृत होईल, पण ती रात्र विस्मृत होणार नाही.

६. जे भूकंप नव्हते

सूचींत शिरलेल्या चुका दीर्घायुषी असतात. टॉमस ओल्डहॅम यांनी संकलित केलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय भूकंपांची सूची हा या विषयाचा पाया होय. परंतु कोणत्याही सूचीतील प्रत्येक नोंद मूळ साधनाशी ताडून पाहावी लागते. १७३७ मधील कलकत्त्याचा तीन लक्ष बळींचा ‘भूकंप’ अनेक ग्रंथांत दीर्घकाळ पुनरुक्त होत राहिला. रॉजर बिलहॅम यांनी १९९४ मध्ये मूळ कागद तपासून ती आपत्ती चक्रीवादळाची होती असे दाखविले. मे १६१८ मध्ये मुंबईच्या परिसरात दोन हजार माणसे व साठ गलबते नष्ट झाल्याची नोंदही अनेक याद्यांत भूकंप म्हणून येते. तथापि गलबतांचा असा नाश वादळाकडेच बोट दाखवितो.

मुक्ताईनगरच्या परिसराशी निगडित असलेली परंपराही येथे विचारात घेण्याजोगी आहे. शके १२१९ (इ. स. १२९७) मध्ये वैशाख वद्य पक्षात तापीतीरी विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. या कथेच्या आध्यात्मिक अर्थाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. भूकंपाच्या दृष्टीने पाहता तीत वीज, गडगडाट व वादळ आहे, आणि ऋतूही वळवाच्या पावसाचा आहे. घरे, विहिरी वा जमीन यांच्या हालचालीचा उल्लेख तिच्या गाभ्यात नाही. तेव्हा नंतरच्या कोणा कीर्तनकाराच्या निरूपणात ‘धरणी थरारली’ असे आले, तरी तेवढ्यावरून सूचीत नोंद करता येणार नाही. महापुरुषाच्या जन्माच्या वा निर्याणाच्या वेळी भूमी कंपित होते, हा भारतीय वाङ्‌मयातील प्राचीन संकेत आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणाचा स्वतंत्र अध्याय असून त्यात भूकंपाची गणना शुभाशुभ सूचित करणाऱ्या घटनांत केली आहे. संकेताची भाषा व साक्षीची भाषा यांतील भेद ओळखणे हेच येथे अभ्यासकाचे काम.

संगमावरील चांगदेव मंदिराचेही तसेच. त्याचे शिखर आज उभे नाही, एवढ्यावरून भूकंप सिद्ध होत नाही. अपुरे बांधकाम, नदीचे पूर, दगडांची उचल, ही कारणेही तितकीच संभाव्य असतात. सर्व दगड एकाच दिशेस पडले आहेत काय, आणि त्याच काळातील इतर वास्तूंवर तशाच खुणा आहेत काय, हे पाहिल्यावरच अनुमानास बळ येते.

७. शब्दांकडून अंकाकडे

वर्णनांवरून गावोगावची तीव्रता ठरविल्यावर ती नकाशावर मांडतात व समान तीव्रतेची स्थाने जोडणाऱ्या समकंप रेषा काढतात. रॉबर्ट मॅलेट यांनी १८५७ च्या नेपल्स राज्यातील भूकंपाच्या अभ्यासाने या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. पूर्वी सर्वांत आतील रेषेच्या मध्यास अपिकेंद्र, म्हणजे भूगर्भातील नाभीच्या थेट वरचे स्थान, मानीत आणि रेषांनी वेढलेल्या क्षेत्रफळावरून परिमाण काढीत. १९९७ मध्ये बेकन व वेंटवर्थ यांनी सुचविलेल्या रीतीत प्रदेशावर जाळे कल्पून प्रत्येक छेदबिंदू हे अपिकेंद्र असते तर कोणते परिमाण निरीक्षणांशी जुळले असते, हे तपासतात. या रीतीचा विशेष असा, की एका बिंदूऐवजी शक्यतेचे क्षेत्र हाती येते. अर्थात, अंतराबरोबर तीव्रता किती झपाट्याने घटते, याचा नियम त्या त्या भूमीचा असावा लागतो. द्वीपकल्पाच्या जुन्या, कठीण कवचातून लहरी दूरवर जातात. स्टेसी मार्टिन व वॉल्टर झेलिगा यांनी २०१० मध्ये १६३६ ते २००९ या काळातील ५७० भारतीय भूकंपांच्या तीव्रता संकलित केल्यामुळे असा नियम बसविणे सुकर झाले आहे.

या पद्धतीची कसोटी म्हणून १९३८ व १९९३ चे दोन भूकंप शेजारी ठेवून पाहावेत. सातपुड्याच्या भूकंपाचे परिमाण सुमारे ६.३, किल्लारीचे सुमारे ६.२, म्हणजे जवळजवळ सारखेच. परंतु किल्लारीची नाभी दहा किलोमीटरांहूनही उथळ होती, आणि दगडमातीच्या जड घरांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. सातपुड्याची नाभी सुमारे ४० किलोमीटर खोल मानली जाते. तो धक्का फार दूरवर जाणवला, पण तशी हानी कोठेच झाली नाही. यंत्रे नसती व केवळ सर्वाधिक तीव्रतेवरून निर्णय केला असता, तर १९३८ चा भूकंप किरकोळ ठरला असता. उलट केवळ जाणीवक्षेत्र पाहणाऱ्याने किल्लारीस कमी लेखले असते. सारांश, खोली अज्ञात असताना एकच निकष वापरणे धोक्याचे आहे.

स्थानाबाबतही १९३८ ची घटना पुरेशी बोलकी आहे. रूढ कोष्टकांत तिचे अपिकेंद्र २१.६ उत्तर अक्षांश व ७५.० पूर्व रेखांश, म्हणजे शिरपूरच्या उत्तरेकडील डोंगरात दिलेले आढळते. अन्य काही याद्या ते ७५.८ रेखांशाच्या आसपास ठेवतात. हा फरक पूर्व-पश्चिम सुमारे ८० किलोमीटरांचा होतो. पहिले स्थान मान्य केल्यास मुक्ताईनगर अपिकेंद्रापासून सुमारे १२५ किलोमीटरांवर येते. दुसरे मान्य केल्यास त्याच्या निम्म्याहूनही जवळ. यंत्रयुगातील भूकंपाची ही स्थिती असेल, तर १८ नोव्हेंबर १८६३ च्या बडवानी परिसरातील भूकंपासारख्या घटनांचे स्थान अंशाच्या दशांशापर्यंत सांगणे हा निव्वळ आभास होय.

या अनिश्चिततेत भर घालणारी दोन कारणे या प्रदेशात विशेष जाणवतात. पहिले, तापी-पूर्णेच्या काठी गाळाचा जाड थर आहे. मऊ गाळावर कंप वाढतो, त्यामुळे काठावरील गावांची तीव्रता खडकावरील गावांपेक्षा अधिक भरते आणि अपिकेंद्र नदीकडे सरकल्याचा भास होतो. दुसरे कारण सामाजिक आहे. लेखी वृत्तान्त कचेरी, तारघर व रेल्वे असलेल्या गावांतून येतात. सातपुड्यातील भिल्ल, पावरा, तडवी व कोरकू वस्त्यांनी धक्का प्रथम व अधिक अनुभवला असला, तरी त्यांचा अनुभव कागदावर क्वचितच उतरला. नकाशावरील मोकळी जागा म्हणजे धक्का न जाणवलेली जागा नव्हे. ती पुष्कळदा न विचारलेली जागा असते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, ऐतिहासिक भूकंपाच्या सूचीत स्थान व परिमाण यांच्या अंकाइतकेच महत्त्व त्यामागील पाठास आहे. प्रत्येक नोंदीबरोबर मूळ शब्द, साक्षीदार प्रत्यक्षदर्शी की ऐकीव, गावाची ओळख, तारखेचा मेळ आणि अनिश्चिततेची मर्यादा दिली जावी. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद, बऱ्हाणपूरशी संबंधित फारसी साधने आणि इंग्रजी अंमलातील जिल्हा कचेऱ्यांची दप्तरे या दृष्टीने वाचली गेली पाहिजेत. त्याबरोबरच अहिराणी, लेवा, निमाडी, पावरी व कोरकू या बोलींत कंपाची, आवाजाची व पडझडीची वर्णने कोणत्या शब्दांत होतात, याचा संग्रह व्हावयास हवा. कारण पुढील धक्क्याची पहिली साक्ष त्याच बोलींत दिली जाईल. नर्मदा-तापी पट्ट्यात घर वा धरण बांधणाऱ्या अभियंत्याच्या हाती अखेर एक अंक पडतो. तो अंक कोणत्या वाक्यातून आला आणि त्या वाक्यावर किती विसंबता येते, हे त्यास सांगण्याची जबाबदारी इतिहास व भाषा यांच्या अभ्यासकांवर आहे.