श्नायडर दोषी, आणि बँका?

२३ डिसेंबर १९९७ : जर्मनीतले बडे बिल्डर युर्गेन श्नायडर यांना फ्रँकफर्टच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल ६ वर्षे ९ महिन्यांची कैद सुनावली. एप्रिल १९९४ मध्ये पाच अब्ज मार्कांहून अधिक देणी मागे ठेवून ते पळाले होते. मे १९९५ मध्ये मायामीत पकडले गेले.

कर्ज बुडाले की आजही चर्चा बिल्डरच्या लबाडीची होते, तारण न मोजणाऱ्यांची नाही. म्हणून हा खटला आठवायचा. बँका निव्वळ बळी होत्या, हा बचाव टिकत नाही. फ्रँकफर्टच्या झाइल गॅलरीचे सुमारे ९ हजार चौरस मीटर क्षेत्र श्नायडरनी कागदावर २० हजारांच्या घरात नेले. खरा आकडा बांधकामापुढच्या फलकावरच होता, पण तो वाचायला जाणार कोण? न्यायालयानेही बँकांच्या या निष्काळजीपणावर बोट ठेवले. लाइपझिगच्या मेडलर पासाजसारख्या जुन्या वास्तू श्नायडरनी सावरल्या, हे मान्य. मात्र कारागीर आणि छोट्या कंत्राटदारांची सुमारे पाच कोटी मार्कांची बिले थकली. डॉइच बँकेच्या प्रमुखांनी ही रक्कम किरकोळ ठरवली. बँकेच्या हिशेबात ती किरकोळ होतीही; कंत्राटदारांच्या नव्हती.