सेकंडहँड जावा

बनारसच्या शिंदे घाटावरून उत्तरेकडे निघालं की लगेच संकठा घाट लागतो, मग गंगामहाल आणि त्यापुढे भोसले घाट. एकीकडे ग्वाल्हेर, दुसरीकडे नागपूर आणि मधे संकठादेवीचं देऊळ आणि त्याच्याभोवतीच्या गल्ल्या. मराठी माणसं मात्र या शहरात दोन्ही राजघराण्यांच्या कितीतरी आधी आली. पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात इथे ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर गेलेले गागाभट्ट त्याच घराण्यातले. त्यांच्या हिशेबाने माझं आजोळ अगदीच अलीकडचं. आजोबा पाठशाळेत व्याकरण शिकवायला आले आणि राहून गेले. त्या घरातून माझ्या वाट्याला पोथी येईल असं अनेकांना वाटलं होतं. आली ती मोटरसायकल, मामाची जावा : १९६७ सालची, अडीचशे सीसीची, म्हैसूरला बनलेली.

जावा या शब्दावरून घरात जुना विनोद होता. गाडी दारात आली तेव्हा आजी म्हणाली होती म्हणे, ‘दोन जावा घरात नांदताहेत त्या कमी होत्या का?’ गल्लीतले लोक तिला जावा बेटावरून आलेली समजत. खरं नाव दोन नावांची अक्षरं जोडून झालेलं आहे. प्राग शहरात शस्त्रास्त्रांचा कारखाना चालवणारे यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलीचा आराखडा आणि हक्क विकत घेतले. यानेचेकमधला ‘या’, वांडररमधला ‘वा’. चेक भाषेत त्याचा उच्चार ‘यावा’. रोमन लिपीतून आपल्याकडे येताना ‘या’चा ‘जा’ झाला. म्हणजे चेक लोकांच्या अभिमानाची ही गाडी जन्मापासूनच दुसऱ्याच्या आराखड्यावर उभी होती. पुढे जर्मन अंमलाखाली यानेचेकच्या लोकांनी गुपचूप एक नवी अडीचशेची गाडी आखली आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती जगापुढे आणली. तिचं टोपणनाव ‘पेराक’, कारण तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंगा होत्या. १९५४ मध्ये तिच्या जागी आलेल्या मॉडेलचं मागचं चाक झुलत्या दांड्यांवर वरखाली होई, म्हणून चेक लोकांनी तिचं नाव ‘डुलणारी’ अशा अर्थाचं ठेवलं. आमची जावा या डुलणारीची म्हैसूरकर लेक.

रुस्तम इराणी मुंबईत या गाड्या आयात करत. सरकारने आयातीवर बंधनं घातल्यावर गाडी इथेच बनवण्यावाचून पर्याय उरला नाही. त्यांनी फारुख इराणींसोबत म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ मध्ये जयचामराज वडियारांच्या हस्ते कारखाना सुरू झाला. आधी सुटे भाग बाहेरून येऊन इथे जोडले जात, मग एकेक भाग इथेच घडू लागला. १९७३ पासून तीच कंपनी ‘येझदी’ नावाने गाड्या काढू लागली. हे नाव इराणी मंडळींच्या पूर्वजांच्या यझ्द गावावरून घेतलेलं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अनुवादकाला हा क्रम नवा नाही. आधी मूळ शब्द तसाच उचलायचा, मग त्याला इथला प्रत्यय लावायचा, आणि एक दिवस कुणाला आठवतही नाही की तो बाहेरून आला होता.

मामाने गाडी १९७१ मध्ये सेकंडहँड घेतली. आरसी बुकात त्याच्याआधी एक नाव आहे. तो चौकातल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचा. छापखाना, बाइंडर आणि दुकान अशा फेऱ्या असत. पुस्तकांचे गठ्ठे बांधता यावेत म्हणून त्याने मागे लोखंडी पट्ट्यांचं दणकट कॅरिअर वेल्डिंग करून बसवून घेतलं. सीटवर माणसं कमी आणि त्या कॅरिअरवर पुस्तकं जास्त बसली असतील.

१९७८ च्या सप्टेंबरात गंगा आली. वाराणसीला धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. त्या वर्षी पाणी ७३.९० मीटरवर गेलं. तो उच्चांक अजून मोडलेला नाही. गाडी पायऱ्यांलगतच्या खालच्या कोठीत होती, ती पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर मामाने इंजिन उघडून साफ करून घेतलं आणि गंजलेल्या अंगावर काळा रंग दिला. मग मिळतील तसे येझदीचे भाग येत गेले : कार्ब्युरेटर, मागचा दिवा, हँडल. अशी ती आणखी वीसेक वर्षं चालली आणि नंतर त्याच कोठीत ताडपत्रीखाली उभी राहिली.

मला तोवर गाडीचा प्लग कुठे असतो हेही माहीत नव्हतं. पहिला धडा किकचा. या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, परत खाली आणला की गिअर. शिवाय पायाने गिअर बदलताना क्लच आपोआप सुटतो. एका दांड्याला तीन अर्थ, आणि कोणता घ्यायचा ते संदर्भावरून. लोहटियाजवळच्या मिस्त्रींच्या दुकानात मी हिवाळाभर बसले, आधी बघत आणि मग हात काळे करत. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं तेल लागत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर ढकललं जातं. म्हणून क्रँकच्या दोन बाजूंची ऑइल सील्स गेली तर बाहेरून सगळं ठीक दिसूनही गाडी श्वास घेत नाही. आमची दोन्ही गेली होती. सिलिंडर खरादवर, आपल्याकडच्या लेथवर, रिबोअरला गेला. पिस्टन दिल्लीच्या करोलबागेतून आला. सहा व्होल्टचं वायरिंग मी स्वतः बदललं, आकृती गुडघ्यावर ठेवून. पुन्हा जोडणीला मिस्त्री ‘इंजन बाँधना’ म्हणतात, आपलेही मिस्त्री इंजिन ‘बांधतात’. मामाच्या बाइंडरांकडे पुस्तकं बांधली जायची. हँडलखालचा दांडा मोकळा केला तेव्हा फ्रेमच्या नळीतून मूठभर राखाडी गाळ पडला. मिस्त्रींनी तो बोटांत चोळला आणि म्हणाले, ‘गंगाजी की मिट्टी है, दीदी.’

अडचण पुढे आली. मिस्त्रींचं म्हणणं होतं, ‘ई सब जुगाड़ निकाल दीजिए, शोरूम पीस बन जाएगी.’ पुण्यातल्या एका संग्राहक मित्राचंही तेच : कॅरिअर कापायचं, येझदीचं सगळं काढायचं, रंग मूळचा मरून, टाकीवर सोनेरी रेघ. तसं केलं तर किंमत दुप्पट. कायद्याचा कलही तिकडेच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना ‘विंटेज’चा दर्जा दिला. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

मूळ म्हणजे कुठलं, हा प्रश्न माझ्या धंद्यातला. वांडररचं, यानेचेकचं, म्हैसूरचं की १९७१ चं? शेजारच्या शिंदे घाटाकडेच पाहा. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला तो अवजड घाट स्वतःच्या भाराने खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. बाजूचं रत्नेश्वराचं देऊळ आजही कललेलं उभं आहे. ते सरळ करायला हवं असं कुणी म्हणत नाही, उलट लोक त्याचे फोटो काढायला येतात. मी जवळजवळ ठरवलं होतं की काळा रंगही ठेवायचा. तो पुराचा पुरावा आहे, वगैरे.

मामीने तो विचार एका वाक्यात मोडला. ‘अगं, तो काळा रंग त्यांनी शौकानं थोडाच लावला होता? मरूनला पैसे नव्हते, म्हणून लावला.’ आणि मग, ‘टाकीवर सोनेरी रेघ हवी बरं का, त्यांना फार आवडायची.’

टाकीच्या पोटाशी काळ्याखाली मूळ मरून शिल्लक होता. त्यावरून रंग जुळवून घेतला. सोनेरी रेघ मैदागिनजवळच्या एका पेंटरने हाताने मारली. कॅरिअर ठेवलं, नुसतं खरवडून रंगवलं. मिस्त्री अजून नाराज आहेत. दिवा येझदीचाच आहे. ‘व्हीए’ नंबराचा अर्ज मी केला नाही, कारण मला गाडी चौकापर्यंत आणि लोहटियापर्यंत न्यायची असते, आणि त्याला प्रदर्शन म्हणता येत नाही. आरटीओत फॉर्म ३१ भरला आहे, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने भरायचा तो. आरसी बुकात तिसरं नाव चढेल. गल्लीत गाडी वळत नाही, म्हणून शिंदे घाटाच्या बाजूने ढकलत आणावी लागते, आणि समोरून गाय आली तर थांबावं लागतं.